घरगल्ली

घरगल्ली : मुंबईच्या जुन्या वस्तीत दोन इमारतींच्या पाठभिंतींमध्ये सोडलेला अरुंद बोळ, बोलण्यात ‘हाऊस गल्ली’. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी, डोंगरी, कामाठीपुरा या भागांत असे बोळ पुष्कळ आहेत. एक माणूस जेमतेम आत शिरेल एवढीच जागा. मुंबईकराच्या घरातली स्वच्छता कुठवर पोचते आणि कुठे थांबते, हे पाहायचे तर या बोळात उभे राहावे.

घरगल्लीचा उगम टोपलीच्या संडासात आहे. मैला टोपलीत पडायचा आणि ती टोपली डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसाला घरातून येऊ द्यायचे नाही, म्हणून ही मागची वाट. बांधकामाची सोय म्हणून तिचे वर्णन केले जाते. खरे तर ती विटामातीत बांधलेली अस्पृश्यता होती. 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले, पुढे तुळशी आणि तानसाचे. मलवाहिन्या आल्या, टोपल्या गेल्या. बोळ राहिला आणि मोऱ्या-संडासांचे बिडाचे नळ त्याच्या भिंतींवरून खाली उतरले.

या बोळांना लागून असलेल्या चाळीतल्या खोलीची स्वच्छता काटेकोर असते. चपला दाराबाहेर, पिण्याचे पाणी वेगळ्या कळशीत, पाणी यायच्या वेळेला पिंप विसळून भरायचे, मोरी रोज घासायची. संडास मात्र गॅलरीच्या टोकाला, सामायिक. तिथे पाळीवरून होणारी भांडणे हा चाळीचा वेगळाच इतिहास आहे. एवढी घासपूस झाल्यावर केर, भाजीची देठे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी मागच्या खिडकीतून खाली जाते. थप असा आवाज येतो, खिडकी लागते. सोवळ्याच्या जुन्या हिशेबात घाण घराबाहेर पडली की काम झाले. ती कुठे पडली, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

खाली उभे राहून वर पाहिले की आकाशाची एक पट्टी दिसते. नळाच्या सांध्यात पिंपळ उगवलेला, कुठे कचरा अडवायला बांधलेली जाळी, जाळीत अडकलेला डायपर. पायाखाली सांडपाणी आणि उंदीर.

उंदरांमुळेच ही गल्ली आरोग्याच्या इतिहासात शिरली. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवीत प्लेग ओळखला. प्रशासनाने दोष घाणीला आणि कोंदट हवेला दिला, घरे कार्बोलिकने धुतली. उंदरावरच्या पिसवांमधून रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. प्लेगनंतर 1898 मध्येच स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याकडच्या नव्या आखणीत मोकळी हवा आली; जुन्या शहरातले बोळ बरेचसे जसेच्या तसे राहिले.

आजही महापालिका रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार पाठवते. घरगल्ल्या साफ करून घेण्याचे कामही चालू असते. साफ झालेली गल्ली पुन्हा भरायला फार दिवस लागत नाहीत. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणे, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून देणे घरावरच बंधनकारक केले. जनजागृतीचे फलक मात्र रस्त्याच्या बाजूला लागतात, मागच्या खिडकीसमोर नाही. पुडी टाकणारा अडाणी असतो असेही नाही. डेंग्यू टाळण्यासाठी पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करणारा आणि खिडकीतून कचरा टाकणारा, हा बऱ्याचदा एकच माणूस असतो.

पावसाळ्यात या बोळांतले पाणी तुंबून रस्त्यावर येते आणि उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर शहराने त्याची मोठी साथ पाहिली. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्याने, विशेषतः पायाला जखम असल्यास, 24 ते 72 तासांत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. त्या तिथे मोफत मिळतात.