तुझ्या बाजूनं कोण बसतं?

मी लहान असताना काळेवाडीत कुणाचा पगार किती, हे फारसं विचारावं लागत नसे. सकाळी साडेसहाला तापकीर चौकात कंपन्यांच्या बसची वाट बघत माणसं उभी असत. गणवेशावरून कंपनी कळायची आणि बाकीचं ‘करार’ सांगायचा. अमक्या कंपनीत करार झाला, तीन वर्षांसाठी इतके हजार वाढले, ही बातमी आधी गेटवरच्या फलकावर लागायची, मग पेपरात यायची. गल्लीत पेढे वाटले जायचे. कुणाच्या घरी फ्रीज येणार, कोण वरचा मजला चढवणार, याचा हिशेब बायका संध्याकाळपर्यंत मांडून मोकळ्या.

आज मी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरापासून ऑफिस फार तर दहा किलोमीटर. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राचा पगार मला माहीत नाही, त्याला माझा नाही. उघड करायचा नाही, असं ऑफर लेटरमध्येच लिहिलेलं आहे. पगार ही सगळ्यांची बातमी होती, ती एकट्याचं गुपित कधी झाली, हे शोधताना मला आमच्याच भागाचा इतिहास नव्यानं वाचावा लागला.

पवनेपलीकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. लोकांसाठी ती नुसती ‘एच.ए.’. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात आकुर्डीत बजाज, पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को आली. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका. काळेवाडी तेव्हा शेतीचीच. सोलापूर, सातारा, नगर, मराठवाडा इथून आलेल्या माणसांनी गुंठा-दीड गुंठा घेऊन तिचं आजचं दाटीवाटीचं रूप केलं. पण गुंठा घ्यायला पतपेढीचं कर्ज लागे आणि कर्जाला एक शब्द लागे, पर्मनंट. लग्नाच्या बैठकीतही पहिला प्रश्न तोच.

या शब्दाला कायद्याचं बळ होतं. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत २४० दिवस सलग काम भरलं, की कामगार कायम होण्यास पात्र ठरायचा. १९७१ च्या राज्याच्या कायद्यानं मान्यताप्राप्त युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला. शिवाय कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही ‘अनुचित कामगार प्रथा’ ठरवली. पण २४० हा आकडा मालकांनाही मोजता येत होता. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस. म्हणून सात महिने काम, मग ‘ब्रेक’.

माझे पप्पा आयटीआय फिटर. बार्शी तालुक्यातून १९८८ मध्ये इथं आले आणि आठ वर्षं हे सात महिने मोजत राहिले. ब्रेकमध्ये रिक्षा चालवली, भाजी विकली. १९९६ ला एका सुट्या भागांच्या कारखान्यात कायम झाले, तेव्हा आजीनं गावाकडून येऊन सत्यनारायण घातला. माझा जन्म त्यानंतरचा. मी ‘पर्मनंट’ घरात जन्मलो, हे ते अजून सांगतात.

म्हणून करारांच्या त्या दिवसांना सोन्याचे दिवस म्हणताना माझी जीभ अडखळते. गुलाल उधळला जायचा तो गेटच्या आत असलेल्यांसाठी. आत पोचलेल्यांची भांडणंही याचीच की करारावर सही कुणी करायची. टेल्कोत राजन नायर यांचं म्हणणं हेच होतं की कामगार आमच्यामागे आहेत, तर बोलणी आमच्याशी करा. व्यवस्थापनानं दुसऱ्या संघटनेशी करार केला. सप्टेंबर १९८९ मध्ये नायर यांच्या पाठीराख्यांनी शनिवारवाड्यासमोर उपोषण मांडलं आणि एका रात्री पोलिसांनी सगळ्यांना गाड्यांत भरून नेलं. पप्पा तेव्हा ब्रेकवर होते. ‘त्यांचं भांडण चार आकडी पगाराचं, आमचं हजेरी कार्डाचं,’ असं ते म्हणतात.

मग आकुर्डी. २००७ मध्ये बजाजनं तिथलं उत्पादन थांबवलं. काम आधीच चाकणला आणि राज्याबाहेर सरकत होतं. कायम असलेली माणसं स्वेच्छानिवृत्तीच्या आकड्यांची गणितं करू लागली. मी दहा वर्षांचा होतो. आमच्या घरात त्याच वर्षी ठरलं, पोरानं कंपनीत जायचं नाही, इंजिनिअर व्हायचं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं होतं. त्या दारातून आमच्या गल्लीतली निम्मी पोरं आत गेली. फी कुठून आली? बहुतेकांची वडिलांच्या करारातून.

आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. जून २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात कामगारांनी काम बंद केलं. पन्नास दिवस. मागण्यांतली एक अशी, की प्रत्येकाला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दरानं द्या. लोक हसले. मिळाले नाहीतच. इन्फोसिसनं मात्र १९९४ मध्येच कर्मचाऱ्यांसाठी शेअरची योजना आणली होती आणि ते दूरदृष्टीचं उदाहरण म्हणून आम्हाला कॉलेजात शिकवलं गेलं. हिंजवडीत जी गोष्ट इन्सेंटिव्ह, ती चाकणमध्ये आगाऊपणा. त्याच २०१३ मध्ये एआयसीटीईची ‘नीम’ योजना आली. तिच्यातला मुलगा मशीनवर उभा असला तरी कामगार नसायचा, ट्रेनी असायचा. तेव्हा सात महिने मोजायचीही गरज उरली नव्हती.

आणि आम्ही, पॅकेजवाले? माझा मावसभाऊ २००९ ला लागला तो साडेतीन लाखांच्या आसपास, मी २०१९ ला लागलो तोही तितक्यावरच. त्या दहा वर्षांत महागाई जवळपास दुप्पट झाली होती. कॉलेजात आम्ही जेवण दिलं, फोटो काढले. पप्पांचा पगार तेव्हा माझ्यापेक्षा जास्त होता, हे मी त्या जेवणात कुणाला सांगितलं नाही.

पप्पा यंदा रिटायर होतायत. त्यांनी सगळे करार लोखंडी कपाटात प्लॉटच्या कागदांसोबत ठेवलेत, पिवळी पडलेली पुस्तकं. मागच्या रविवारी त्यांनी माझी सॅलरी स्लिप मोबाइलवर मोठी करून वाचली.

‘यात महागाई भत्ता कुठंय?’

‘नसतो, पप्पा.’

त्यांच्या करारात तो ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला होता. पॉइंट चढले की भत्ता चढायचा, कुणाच्या पाया पडावं लागत नसे.

‘मग महागाई वाढली की काय करता?’

‘कंपनी बदलतो.’

‘आणि तिथं पगार ठरवताना तुझ्या बाजूनं कोण बसतं?’

‘मीच.’

त्यांनी चष्मा पुसला आणि स्लिप पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.