लगाम कोणाच्या हातात? चाळीसगावचा टांगा आणि आपण

तिशी ओलांडल्यावर आम्ही चारचाकी चालवायला शिकलो, तीही चाळीसगावात. रोज सकाळी तासभर. क्लच सोडायची घाई केली की गाडी आचका देऊन बंद पडायची आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचा. शिकवणारे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणावर नाही. नदीवरचा पूल जवळ आला की स्टेअरिंगवरची आमची पकड घट्ट व्हायची. नवशिक्याची भीती होतीच, पण दुसरंही कारण होतं. याच गावात 1929 साली एक टांगा नदीत कोसळला आणि त्यात बसलेले बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले.

चाळीसगावचा इतिहास म्हटला की पाटणादेवीचं मंदिर, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आणि कलावंत केकी मूस ही नावं येतात. ती यायलाच हवीत. पण या गावाच्या इतिहासात टांग्याचं एक पान आहे आणि ते आपण नीट वाचलेलं नाही, असं आमचं म्हणणं आहे.

मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. खानदेशचा दौरा आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे मार्गावरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करायची होती. ती करून ते चाळीसगावला परतले, तेव्हा रात्री मुक्कामाला न्यायला महारवाड्यातली माणसं हार घेऊन स्टेशनवर उभी होती. स्टेशनबाहेर भाड्याचे टांगे होते. तरी तासभर कोणी हलेना. शेवटी एक टांगा आला. दोनशे पावलंही गेला नसेल, तोच मोटारीला धडकता धडकता वाचला. पुढे नदीवर बिनकठड्याचा फरशी पूल होता आणि त्यावर चढायला काटकोनात वळण. तिथे घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळलं. बाबासाहेब फरशीवर पडून बेशुद्ध झाले, टांगा घोड्यासकट नदीत गेला. पायाचं हाड मोडलं.

खरं कारण नंतर कळलं. अस्पृश्य प्रवाशाला नेणं टांगेवाल्यांना कमीपणाचं वाटत होतं. आपल्या नेत्याने पायी चालत यावं, हे वस्तीला पटत नव्हतं. मग तडजोड झाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकायचा तुम्ही. हाकता कोणालाच येत नव्हतं. एकाने लगाम हातात घेतला, आणि पुढे जबाबदारीच्या दडपणाने त्याचा धीर सुटला.

हा प्रसंग आपण भाषणांत सांगतो तो टांगेवाल्याची जातीयता दाखवायला. बॅरिस्टर झालेला माणूसही त्या टांगेवाल्याला आपल्यापेक्षा हलका वाटत होता, हे बाबासाहेबांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे. पण तिथेच त्यांनी आपल्या माणसांबद्दलही एक कडू गोष्ट लिहिली आहे. प्रवाशाचा मान राखण्याच्या नादात त्याच्या जिवाची काळजी राहून गेली. हे अर्धं पान आपण उलटून टाकतो.

लगाम धरणाऱ्या त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हाकता का येत नव्हतं, हे विचारायला हवं. ज्याच्या टांग्यात सवर्ण गिऱ्हाईक बसणार नाही, तो टांगा घेईल कशाला? आणि धंदाच नाही तर हाताला सवय होणार कधी? जात फक्त पाणी आणि मंदिर अडवत नाही, ती कसब अडवते. पुढे एक पूल येतो आणि त्या न शिकलेल्या कसबाची किंमत आपल्याच माणसाच्या हाडांनी मोजावी लागते.

हा तोडगा चाळीसगावात पहिल्यांदा निघाला नव्हता. 1901 साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमराव आणि सोबतच्या मुलांना कोणी गाडीवान नेईना. दुप्पट भाडं कबूल केल्यावर ठरलं की बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. अठ्ठावीस वर्षांनी मुलगा बॅरिस्टर झाला, सरकारी समितीवर गेला, तोडगा मात्र तसाच राहिला. विटाळ पैशाला नव्हता. अस्पृश्याला सेवा देण्यात कमीपणा होता.

त्रावणकोरात अय्यनकाळींनी 1893 साली यावर वेगळं उत्तर दिलं. पुलय समाजाला बंदी असलेल्या रस्त्यावरून ते स्वतःच्या मालकीच्या बैलगाडीतून गेले. मागून आणलेलं वाहन त्यांनी स्वाभिमानासाठी वापरलं नाही.

आता आपल्याकडे वळू. 14 एप्रिलच्या बाईक रॅलीत हेल्मेट किती जणांच्या डोक्यावर असतं? लायसन्स किती पोरांकडे असतं? अभिवादनाला जाताना मालवाहू टेम्पोत माणसं कोंबली जातात आणि रात्रभराच्या जागरणाचा ड्रायव्हर पहाटे पुन्हा स्टेअरिंगवर बसतो. निळा झेंडा उंच असतो, ब्रेक तपासलेले नसतात. ही 1929 चीच चूक आहे: मान पुढे, जीव मागे. तेव्हा आपल्याला शिकायची संधी नव्हती. आज ती सबब उरलेली नाही.

काही मित्र म्हणतील, ड्रायव्हर होणं हे का आंबेडकरी स्वप्न आहे? शिकून अधिकारी व्हा. जरूर व्हा. पण काम जन्माने ठरणं आणि जन्माने नाकारलं जाणं, यावर बाबासाहेबांचा आघात होता. हाताने काम करणाऱ्याला हलकं मानायची नजर आपल्यात आली, तर ती त्या टांगेवाल्याचीच नजर आहे. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी 2019 पर्यंत आठवी पासची अट होती. चांगली गाडी चालवणारा, पण शाळा सुटलेला माणूस त्या अटीने बाहेर राहत होता. ही अट कोणाच्या वस्तीत जास्त माणसं अडवत असेल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. रॅलीच्या बैठकीत बॅनरच्या आधी लायसन्स आणि हेल्मेटचा विषय घ्या. ज्याला येतं त्याने वस्तीतल्या दोघांना शिकवावं, त्यातली एक मुलगी असावी. रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर गाडी दारात आणि चालवणारा परगावी, असं होऊ नये.

आमचं लायसन्स आलं त्या दिवशी आम्ही स्टेशनपासून नदीपर्यंत गाडी नेली. पूल यायच्या आधी वेग कमी केला आणि सावकाश पलीकडे गेलो. एवढंच त्या माणसाला कोणीतरी वेळेवर शिकवायला हवं होतं.

जय भीम.