रस्त्यालगतच्या दुर्लक्षित मालमत्ता : इंदिरानगरचा अनुभव

बंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगर हे उपाहारगृहे आणि दुकानांसाठी देशभर परिचित आहे. मात्र तेथील शंभर फुटी रस्त्याच्या झगमगाटालगतच कुलूपबंद बंगले, झुडपांनी वेढलेले भूखंड आणि जाहिरातींच्या चिठोऱ्यांनी भरलेल्या कुंपणभिंतीही आढळतात. अशा खासगी मालमत्तांचे दर्शनी रूप सुधारण्यासाठी शहर प्रशासनाकडे नेमके कोणते उपाय असतात, हा प्रश्न त्यामुळे वारंवार उपस्थित होतो.

१९७० च्या दशकात आकाराला आलेली ही मूळची निवासी वसाहत. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना जवळ असल्याने तेथील कर्मचारी आणि निवृत्त लष्करी अधिकारी येथे स्थायिक झाले. भूखंड मिळालेल्याने ठरावीक मुदतीत घर बांधलेच पाहिजे, अशी विकास प्राधिकरणाची अट असे. बांधलेले घर पुढे कसे राखले जाते, हे मात्र मालकाच्या मर्जीवर राहिले. १९९० च्या दशकानंतर मुख्य रस्त्यांवर बंगल्यांच्या जागी दुकाने आली आणि जमिनीचा भाव घराच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेला.

दुर्लक्षाचे मूळ येथेच आहे. जे घर आज ना उद्या पाडायचे आहे, त्याला रंग देण्यात मालकाला स्वारस्य नसते. वारसांमध्ये वाद असेल अथवा मुले परदेशी असतील, तर घर वर्षानुवर्षे तसेच उभे राहते. २००८ मध्ये शहरात लागू झालेल्या मालमत्ता कराच्या पद्धतीनेही यात काही अंशी भर घातली. इमारत जितकी जुनी, तितकी घसाऱ्यापोटी सवलत अधिक, आणि भाड्याने दिलेल्या जागेचा दर मालकाच्या वापरातील जागेपेक्षा जास्त, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे घर जुने होऊ देणे आणि भाड्याने न देणे करापुरते स्वस्त पडत होते.

भिंतीवरचा रंग

बंगळुरू महापालिकेने २००९ मध्ये एक सोपा मार्ग निवडला. सार्वजनिक इमारतींच्या कुंपणभिंतींवर चित्रपटांचे फलक रंगवणाऱ्या कलाकारांकडून धबधबे, वन्य प्राणी आणि ऐतिहासिक वास्तूंची चित्रे काढून घेण्यात आली. त्यामुळे भित्तिपत्रकांना आळा बसेल आणि डिजिटल छपाईमुळे बेकार झालेल्या चित्रकारांना काम मिळेल, अशी अपेक्षा होती. उपक्रमाचे कौतुक झाले, चित्रांच्या दर्जावर टीकाही झाली. २०१० पासून ‘दि अग्ली इंडियन’ या निनावी स्वयंसेवकांच्या गटाने कचऱ्याचे कोपरे स्वच्छ करून रंगवण्याचा प्रघात पाडला. परंतु हे दोन्ही उपाय सार्वजनिक जागेपुरतेच होते. कुंपणाच्या आत त्यांचा प्रवेश नव्हता.

त्यानंतर पालिकेने रस्त्यांकडे लक्ष वळवले. ‘टेंडरशुअर’ योजनेत रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोड, कनिंगहॅम रोड अशा मध्यवर्ती रस्त्यांचे पदपथ रुंद करून वाहिन्या जमिनीखाली नेण्यात आल्या. समोरचा पदपथ सुधारला की दुकानदार स्वखर्चाने दर्शनी भाग नीट करतो, असा यामागील एक तर्क असतो. इंदिरानगरच्या सीएमएच रस्त्याने याची उलट बाजूही पाहिली. मेट्रोसाठी तेथील काही इमारतींचे पुढील भाग तोडावे लागले, व्यापाऱ्यांनी तीव्र विरोध केला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये गाडी धावू लागेपर्यंत हा रस्ता बांधकामाच्या छायेत राहिला.

परवान्याचा धाक

सर्वांत जलद परिणाम दिसला तो मात्र पाट्यांच्या बाबतीत. ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने फटकारल्यानंतर शहरातील फ्लेक्स काही दिवसांत उतरले. २०२४ च्या आरंभी पाट्यांवर साठ टक्के कन्नड मजकूर बंधनकारक झाला, तेव्हाही व्यवसाय परवाना धोक्यात येईल या इशाऱ्यामुळे दुकानांच्या पाट्या झपाट्याने बदलल्या. मराठी पाट्यांचा मुंबईतील अनुभव वाचकांना ठाऊक आहेच.

मुंबईतच दादाभाई नौरोजी मार्गावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच दिशेने, पण अधिक समजुतीने काम झाले. संवर्धन वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी तयार केलेल्या नियमांनुसार कमानी झाकणाऱ्या अवाढव्य पाट्या उतरवून कमानीच्या मापात बसणाऱ्या पाट्या लावल्या गेल्या. दुकानदारांचा सहभाग हे त्या कामाचे बळ होते.

कुलूपबंद बंगल्याला मात्र परवाना नसतो, त्यामुळे हा धाक तेथे चालत नाही. इमारत धोकादायक असेल तर पालिका हस्तक्षेप करू शकते. मुंबईत कलम ३५४ ची नोटीस त्यासाठीच असते. भूखंडावरील झुडपे आणि कचरा काढून खर्च मालकाकडून वसूल करण्याचा मार्गही खुला आहे. पण घर नुसतेच विद्रूप असेल, तर पालिकेचे हात बांधलेले राहतात.

अन्य देशांतील कायदे

इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्यातील कलम २१५ अन्वये, परिसराच्या शोभेला बाधा आणणारी मालमत्ता नीट करण्याचा आदेश स्थानिक परिषद देऊ शकते. मालकाने तो पाळला नाही, तर परिषद स्वतः काम करून खर्च वसूल करते. पॅरिसमध्ये इमारतींचे दर्शनी भाग किमान दहा वर्षांतून एकदा स्वच्छ करावे लागतात. फिलाडेल्फियाने २०११ पासून ओसाड इमारतींना फळ्या ठोकण्याऐवजी खरी दारे-खिडक्या बसवणे सक्तीचे केले. तेथे नियम पाळलेल्या इमारतींच्या आसपास हल्ल्यांचे प्रमाण घटल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

अशी तरतूद इंदिरानगरात आणायची तर एक अडचण दुर्लक्षून चालणार नाही. येथील काही जुन्या घरांत निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध मंडळी राहतात. कागदावर त्यांची मालमत्ता कोट्यवधींची, पण हाती रोकड मोजकीच. दंडाची नोटीस गुंतवणूक म्हणून घर अडवून ठेवणाऱ्याला परवडते. या मंडळींना ती घर विकण्याकडे ढकलू शकते. म्हणून राहते घर आणि रिकामे घर यांत भेद करणे, आणि राहत्या घराचा खर्च विक्री अथवा वारसा नोंदीच्या वेळी वसूल करणे, हा मार्ग अधिक न्याय्य ठरेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच स्वतंत्र महापालिका अस्तित्वात आल्या. रस्त्यालगतच्या रिकाम्या घरांबाबतचा निर्णय आता या नव्या यंत्रणेपुढे आहे.