माळव्याची रात्र आणि खुराड्यातील दिवा

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र यांची थोरवी उत्तर हिंदुस्थानात पूर्वापार सांगितली जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेल्या इंदूर शहरात उन्हाळ्यातही रात्रीचा वारा सुखद असतो. तेव्हा ही कीर्ती अनाठायी नव्हे. परंतु पौष-माघात हीच रात्र परीक्षा पाहते. जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, कधी त्याहूनही खाली जाते. माणूस रजई ओढून घेतो. दोन दिवसांचे कोंबडीचे पिल्लू मात्र अशा एका रात्रीत दगावते. म्हणून थंडीच्या दिवसांत खुराड्यात दिवा लावण्याची रीत पडली. हा दिवा दोन निरनिराळी कामे करतो: ऊब देतो आणि उजेड देतो. ही दोन कामे वेगळी आहेत हे मनुष्याच्या फार उशिरा ध्यानात आले, आणि आजही त्यांची गल्लत झाली की नुकसान गरीब कोंबडीपालकाचेच होते.

कोंबडी मूळची उष्ण प्रदेशातील रानपाखरू. आग्नेय आशियातील आणि भारतातील तांबड्या रानकोंबड्याचा हा वंश माणसाळला. अंडे उबवावयास सुमारे साडेसदतीस अंश उष्णता आणि २१ दिवस लागतात. पिल्लाच्या अंगावर जन्मतः केवळ लव असते. स्वतःच्या शरीराची ऊब राखण्याची शक्ती त्याला पिसे फुटेपर्यंत येत नाही. तोवर खुडूक कोंबडीचे पंख हेच त्याचे घर. जेरुसलेम नगराविषयीची आपली कळवळ व्यक्त करताना येशू ख्रिस्तानेही पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचाच दाखला दिला. त्याच्या श्रोत्यांच्या अंगणांत हे दृश्य नित्याचे होते.

या पंखांची जागा घेण्याचा यत्न प्रथम मिसर देशात झाला. मिसरात अंडी उकिरड्यात पुरून उबवितात, अशी नोंद ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने करून ठेवली आहे. पुढे तेथे विटामातीच्या मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. शेण आणि पेंढा मंद जाळून हजारो अंडी एकदम उबविली जात. उष्णतामापक यंत्र नव्हते. कारागीर अंडे आपल्या पापणीला लावून ऊब जोखीत. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे गेली. फ्रान्समधील शास्त्रज्ञ रेओम्यूर याने तिचा अभ्यास केला. उष्णतामापकाची एक मोजपट्टी याच्याच नावाने प्रसिद्ध आहे. १७४९ मध्ये त्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि घोड्याच्या लिदीच्या ढिगात पिंपे ठेवून, त्या कुजणाऱ्या लिदीच्या उष्णतेवर अंडी उबवून दाखविली. जळणाचा एक तुकडाही त्यास लागला नाही.

कुजणाऱ्या शेणाची ही उष्णता इंदूरकरांस अपरिचित नाही. १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची रीत बसविली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ मध्ये दोघांच्या नावे या विषयावरील इंग्रजी ग्रंथ निघाला. त्या खताच्या ढिगात आरंभी ६० अंशांच्याही वर उष्णता चढते. कोंबडीपालनातील ‘गादी पद्धत’ याच तत्त्वावर चालते. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा जाड अंथरावा, अधूनमधून खालीवर करावा. विष्ठा त्यात हळूहळू कुजते आणि थंडीत पायांखाली सौम्य ऊब राहते. मोठ्या कोंबड्यांना माळव्याच्या हिवाळ्यात याहून अधिक शेकाची गरज सहसा पडत नाही. त्यांचे पिसांचे पांघरूण त्यांस पुरे असते.

मग थोरल्या कोंबडीच्या खुराड्यात दिवा कशाला? याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. हिवाळ्यात अंडी कमी होतात ती थंडीमुळे, असाच पूर्वी समज असे. कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी १९२० नंतरच्या दशकात रानपाखरे उघड्या पिंजऱ्यांत ठेवून, सूर्यास्तानंतर विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस थोडाथोडा वाढविला. बाहेर रक्त गोठविणारी थंडी असूनही त्या पाखरांत भर हिवाळ्यात वसंत ऋतूतील विणीची लक्षणे दिसू लागली. ऋतू ओळखला जात होता तो दिवसाच्या लांबीवरून, थंडीवरून नव्हे. पुढे फ्रान्समध्ये झाक बन्वा यांनी बदकांवर प्रयोग केले आणि पक्ष्याचा मेंदू डोळ्यांवाचूनही, कवटीतून झिरपणारा प्रकाश जाणतो, हे दाखवून दिले. अंड्यावरील कोंबडीला १४ ते १६ तासांचा उजेड मानवतो. इंदूरचा सर्वांत लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा, तर सर्वांत मोठा साडेतेरा तासांचा. उणीव भरण्यास साधा मंद दिवाही पुरतो. त्यासाठी उष्णतेचा खर्च नको.

पिल्लांचे तसे नाही. इंदूरच्या पश्चिमेस झाबुआच्या डोंगराळ मुलखात भिल्ल आणि भिलाला कुटुंबे काळ्या मांसाची कडकनाथ कोंबडी पाळीत आली आहेत. या जातीच्या संगोपनासाठी झाबुआ येथे १९७८ मध्ये सरकारी केंद्र निघाले आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन लाभले. काटक म्हणून नावाजलेली ही कोंबडी अंड्यांवर बसण्यास मात्र नाखूष असते. तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवावी लागतात. आईचे पंख ज्यांच्या वाट्याला येत नाहीत, त्यांच्यासाठी दिवा हीच आई. पिल्ले मेली तर बाजाराला नेण्याचे, अडीअडचणीला विकण्याचे त्या घराचे भांडवलच जाते.

अशा पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब हवी. पुढे दर आठवड्यास तीनेक अंश कमी करावी. एका पिल्लामागे एक ते दोन वॅटचा दिवा, असा ढोबळ हिशेब आहे. परंतु खरा उष्णतामापक म्हणजे पिल्लेच. ती दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करू लागली तर थंडी आहे, दूर पळून चोची वासून बसली तर उष्णता फार आहे, आणि सर्वत्र पसरून टिपू लागली तर सारे ठीक आहे. थंडीच्या धाकाने खुराडे चोहीकडून बंद करून आत शेगडी ठेवणे घातक. निखाऱ्यांचा विषारी धूर आणि विष्ठेतील अमोनिया कोंडून थंडीने न मेलेली पिल्ले हवेने मरतात. गोणपाटाचे पडदे वाऱ्याच्या बाजूस सोडावे, वरची फट मोकळी ठेवावी. दिवा तारेने वा साखळीने पक्का टांगावा; तो भुशात पडला तर खुराड्यासकट घरही जाते.

थोरल्या कोंबडीला उजेडाइतकाच अंधारही लागतो. अधिक अंड्यांच्या हव्यासाने रात्रभर दिवा जाळणे म्हणजे तिची झोप विकत घेणे होय. पापणीला अंडे लावून पाहणाऱ्या मिसरी कारागिराजवळ यंत्र नव्हते, पण किती पुरे हे त्याला कळत होते. विजेचे बटण हाती आले म्हणून ते ज्ञान अनावश्यक झालेले नाही. दुबळ्याला ऊब, धडधाकटाला बेताचा उजेड आणि दोघांनाही मोकळी हवा, एवढे ज्या खुराड्यात सांभाळले जाते तेथे माळव्याची रात्र पाखरांनाही सुखाची जाते.