भूल चढवण्याच्या दोन रीती

संपूर्ण भूल देताना पहिली पायरी असते ती रुग्णाला जागेपणातून बेशुद्धीत नेण्याची, म्हणजेच भूल चढवण्याची. त्यासाठी औषध श्वासावाटे फुप्फुसांत सोडतात किंवा शिरेवाटे थेट रक्तात. आज या दोन्ही रीती एकाच शस्त्रक्रियागृहात नांदतात, पण त्या व्यवहारात रुळल्या त्यात जवळपास नव्वद वर्षांचे अंतर आहे.

थोरली रीत श्वासाची. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ साली ईथर हुंगवून मानेवरची गाठ काढली, पण ही हकीकत छापली १८४९ मध्ये. तोवर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने सर्वांसमक्ष ईथर देऊन दाखवले होते आणि ती बातमी जगभर गेली होती. ईथर बऱ्यापैकी निर्धोक, पण फार सावकाश चढे. वास उग्र. रुग्ण खोके, ठसके, शुद्ध हरपता हरपता हातपाय झाडी. त्याला धरून ठेवायला माणसे लागत. पुढे आर्थर गेडेल यांनी ईथरच्या भुलीच्या चार अवस्था मांडल्या, त्यांतली दुसरी ही खळबळीचीच.

१८४७ मध्ये एडिंबरोत जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. त्याचा वास गोडसर आणि भूल झटपट चढे. पण दोनच महिन्यांनी इंग्लंडमध्ये पायाचे नख काढताना १५ वर्षांची एक मुलगी त्याने दगावली. असे मृत्यू होत राहिले आणि वाद पेटला. हैदराबादेत एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, निजामाच्या आश्रयाखाली, १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर लक्ष ठेवले की धोका नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाच हृदयाचे ठोके विस्कटून ते बंद पडू शकते. म्हणजे घात होता तो भूल पुरती चढण्याआधीच.

शिरेची रीत धाकटी. १८७० च्या दशकात फ्रान्समधील बोर्दो येथे पिएर-सिप्रियन ओरे यांनी क्लोरल हायड्रेट शिरेतून देऊन पाहिले, पण ते रुजले नाही. अडचण मूलभूत होती. श्वासाच्या रीतीत भूल गाढ होत गेली की श्वास आपोआप मंदावतो आणि आत जाणारा वायू कमी होतो. शिवाय गेलेला वायू उच्छ्वासावाटे बाहेरही काढता येतो. शिरेत सोडलेल्या औषधाला असा लगाम नसतो. त्यामुळे असर लवकर ओसरेल असेच औषध हवे होते. अॅबट कंपनीतील व्हॉलविलर आणि टॅबर्न यांनी घडवलेल्या थायोपेंटोनने ते साधले. ८ मार्च १९३४ रोजी मॅडिसन येथे राल्फ वॉटर्स यांनी ते प्रथम माणसाला दिले आणि मेयो क्लिनिकच्या जॉन लंडी यांनी ते रूढ केले. अर्ध्या मिनिटाच्या आसपास रुग्ण शांतपणे झोपे. खळबळीची अवस्था जणू गळूनच पडली.

मात्र हे औषध लवकर उतरते ते शरीरातून नाहीसे होते म्हणून नव्हे, तर मेंदूतून निघून स्नायूंत पसरते म्हणून. पुन्हापुन्हा दिल्यास ते साचते. १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यात रक्तस्रावाने खचलेल्या जखमींना ते घातक ठरले. मृत्यूंचा आकडा पुढे फुगवून सांगितला गेला, पण अशा रुग्णाला मात्रा बेताने द्यायची हा धडा खरा होता.

थायोपेंटोनची जागा प्रोपोफॉलने घेतली. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन यांनी ते शोधले. १९७७ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, पण ते ज्या द्रावकात विरघळवले होते त्याच्या तीव्र ॲलर्जीमुळे त्या थांबवाव्या लागल्या. सोयाबीन तेल आणि अंड्यातील लेसिथिनचे पांढरे पायस करून ते १९८६ मध्ये बाजारात आले. माघार न घेता घडवलेल्या या औषधासाठी ग्लेन यांना २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता.

श्वासाच्या रीतीलाही १९९० मध्ये जपानमध्ये सेव्होफ्लुरेनच्या रूपाने नवे बळ मिळाले. वास सौम्य, घशाला त्रास कमी. ८ टक्के वायूचे काही खोल श्वास घेतले की प्रौढ माणूसही एक-दोन मिनिटांत बेशुद्ध होतो. यात रुग्णाचा स्वतःचा श्वास बहुधा चालू राहतो. प्रोपोफॉलने तो काही काळ थांबतो, रक्तदाब उतरतो, टोचताना शीर झोंबते. पण शुद्धीवर आल्यावर मळमळ आणि उलट्या सेव्होफ्लुरेननंतर जास्त होतात. भुलीने ताप भडकण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांना तर ते वर्ज्यच आहे.

एकंदरीत प्रौढांसाठी शिरेची रीतच पहिली निवड ठरते. शीर सापडत नाही किंवा सुईचे भय अनावर आहे, अशा वेळी श्वासाची रीत उपयोगी पडते. आणि शिरेतून चढवलेली भूल पुढे टिकवली जाते ती मात्र बहुतेक शस्त्रक्रियांत आजही श्वासातल्या वायूवरच.