लोखंडाचं वजन, आवाजाची ऊब

मागच्या महिन्यात दिग्रसहून भाच्याचा फोन आला. तो एका कव्वाली पार्टीत बास गिटार वाजवतो. उरुसाचा हंगाम असला की आर्णी, दारव्हा, पुसद, उमरखेड असा फिरतो. एप्रिलमध्ये जयंती आली की तीच पार्टी भीमगीतांच्या मंचावर असते. म्हणाला, "मामू, बाससाठी अॅम्प्लिफायर घ्यायचाय. एका हातात उचलून एसटीत चढता आलं पाहिजे. पण आवाज नानांच्या पेटीसारखा हवा. गरम."

नाना म्हणजे माझे अब्बा. त्यांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. मिलाद, लग्न, गणपती, कीर्तन, निवडणूक, कुठेही अब्बांची व्हॉल्व्हची पेटी जायची. लोखंडी, राखाडी, उचलायला दोन माणसं लागत. दुसरा माणूस बहुतेक वेळा नसायचा. या वजनाची किंमत अब्बांच्या कंबरेने मोजली. शेवटची बारा वर्षं त्यांनी नमाज खुर्चीवर बसून पढली. म्हणून भाच्याने "हलका" हा शब्द उच्चारला तेव्हा मला तो सहज वाटला नाही. उत्तर देण्याआधी ती पेटी एवढी जड का होती, हे नीट समजून घ्यावं असं ठरवलं.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतली तार तापते, तापलेल्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मधली जाळी त्यांना कमीजास्त करते. ही जाळी ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये बसवली आणि क्षीण आवाज मोठा करणं शक्य झालं. पण व्हॉल्व्हला दाब लागतो शेकडो व्होल्टचा आणि तो प्रवाह देतो थोडासा. स्पीकरला नेमकं उलट हवं असतं. या दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, म्हणजे लोखंडाच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. त्याचा नियम असा की सूर जितका खालचा, तितकं लोखंड जास्त. साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, बासची सुमारे ४१ वेळा. म्हणजे बासचा खर्ज खणखणीत हवा असेल तर लोखंड वाढवावंच लागतं. शिवाय घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यासाठीचा दुसरा ट्रान्सफॉर्मरही जडच.

बास गिटारचा इतिहास याच नियमाखाली दबलेला आहे. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला आणि त्याच्यासाठी पुढच्याच वर्षी 'बासमन' अॅम्प्लिफायर. १९६० मध्ये अॅम्पेग कंपनीचा बी-१५ आला. ताकद जेमतेम २५ वॅट, पण आवाज गोल आणि भरीव. मोटाऊनच्या असंख्य गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमर्सन हाच वापरत. पुढे मैफली मैदानात जाऊ लागल्या तसे २५ वॅट पुरेनात. १९६९ मध्ये अॅम्पेगने 'एसव्हीटी' काढला : ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह आणि स्पीकर सोडून नुसत्या वरच्या पेटीचं वजन ४० किलोच्या आसपास. त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सने तो वापरला. त्यांच्याकडे उचलायला माणसं होती.

आपल्याकडे हा आवाज संगीताच्या नव्हे, भाषणाच्या वाटेने आला. सिंधमधून मुंबईत आलेल्या मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही कंपनी काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवत असे. गांधीजी-नेहरूंच्या अनेक छायाचित्रांत समोरच्या मायक्रोफोनवर हे नाव वाचता येतं. १९४० मध्ये दिल्लीत 'आहुजा' सुरू झाली आणि तिचं नाव गावोगाव एवढं रुळलं की माइकवाल्याच्या दुकानात ते नाही असं व्हायचं नाही. स्वातंत्र्यानंतर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने देशातच व्हॉल्व्ह बनवले. वीज न पोचलेल्या गावांत अब्बा मोटारीची बॅटरी बरोबर नेत. म्हणजे वजनात आणखी भर.

मशिदीत मात्र हा भोंगा सहजासहजी शिरला नाही. आज ज्याला आपली ओळख समजून भांडणं होतात, त्यावर आपल्याच उलेमांनी कित्येक वर्षं वाद घातला, हे अनेकांना ठाऊक नसतं. अजानपेक्षा प्रश्न मोठा होता नमाजचा. जमात मोठी असली की इमामांची तकबीर मागच्या सफांपर्यंत पोचवायला मुकब्बिर असे. त्याच्या जागी यंत्र आलं तर? भोंग्यातून येतो तो इमामांचा स्वतःचा आवाज, की त्याची नक्कल, प्रतिध्वनी? नक्कल असेल तर तिच्यावर रुकू-सजदा करणाऱ्याची नमाज होते का? मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारखे आलिम सुरुवातीला याच्या विरोधात होते. मुफ्ती मुहम्मद शफी यांनीही आधी हरकत घेतली होती. पुढे विज्ञानाच्या जाणकारांना विचारून त्यांनी आपलं मत बदललं आणि नमाज बिघडत नाही असा निर्णय दिला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. यंत्राचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी यंत्र जाणणाऱ्याला विचारलं आणि उत्तर पटल्यावर आपलं म्हणणं मागे घेण्यात कमीपणा मानला नाही.

"असली की नक्कल" हा प्रश्न भाच्याच्या फोनमध्येही होताच. त्याला हवा होता व्हॉल्व्ह*सारखा* आवाज. ही ऊब म्हणजे नेमकं काय? व्हॉल्व्हला त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त काम दिलं की तो आवाजाचा माथा एकदम कापत नाही, हळूहळू दाबतो, गोल करतो. त्यातून मूळ सुराच्या वरचे काही स्वर मिसळतात आणि कानाला सूर भरल्यासारखा वाटतो. ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये अमेरिकेत जन्मला. तो हलका आणि थंड, पण मर्यादा ओलांडली की माथा सरळ छाटतो आणि आवाज खरखरतो. अब्बांनी ट्रान्झिस्टरची पेटी घेतली तेव्हा कंबरेला बरं वाटलं, पण आर्णीच्या उरुसात एका बुजुर्ग कव्वालांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "मियाँ, वो पुरानी वाली नहीं लाए?" गंमत अशी की ती ऊब हा यंत्राचा दोषच. जे आत गेलं ते जसंच्या तसं बाहेर आलं नाही, म्हणून ते गोड लागलं.

आता हलकेपणाचं. मघाचा लोखंडाचा नियम इथे उलटा वापरला गेला. खालच्या सुराला लोखंड जास्त लागतं, तर वरच्या सुराला कमी. म्हणून नवा अॅम्प्लिफायर घरातली वीज आधी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. एवढ्या वेगात ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो. आवाज मोठा करणारा भागही असाच चालू-बंद होत राहतो; याला 'क्लास डी' म्हणतात. त्यात वीज उष्णता होऊन फारशी वाया जात नाही. स्पीकरमधलं जड चुंबकही १९८० च्या दशकात शोधलेल्या निओडिमियमच्या चुंबकाने हलकं केलं. अॅग्विलारचा टोन हॅमर ५०० हे डोकं ५०० वॅटचं, वजन दोन किलोच्या आत. फेंडरचा रंबल १०० स्पीकरसकट दहा किलोच्या आसपास.

ऊब मात्र तीन वाटांनी आणतात. काही जण सुरुवातीच्या भागात खरा छोटा व्हॉल्व्ह ठेवतात. काही ट्रान्झिस्टरचीच अशी जुळणी करतात की माथा गोल होतो. काही संगणकी गणिताने नक्कल करतात. व्हॉल्व्ह दिसला म्हणजे ऊब आलीच असं नाही, आणि नाही दिसला म्हणून नक्कल हलकी असंही नाही. इमामांच्या आवाजाबद्दल जे ठरलं तेच इथे लागू : पोचतं काय, ते ऐका.

भाच्याला मी सांगितलं ते असं. स्वतःचा बास घेऊन दुकानात जा, तिथला नको. एकटा वाजवून ठरवू नकोस. हार्मोनियम आणि ढोलक सोबत असताना खर्ज हरवतो का ते पाहा. पाटीवरचे ५०० वॅट बहुधा ४ ओहमच्या स्पीकरवरचे असतात, ८ ओहमला जवळपास निम्मेच मिळतात. डोक्यापेक्षा स्पीकरवर पैसा घाल. उबेचा मोठा वाटा तिथे आहे. मंडपाच्या साउंडवाल्याकडे सूर नेता येईल अशी वेगळी जोडणी हवी, म्हणजे तुझी पेटी छोटी असली तरी चालेल. आणि दुरुस्ती विचार. अब्बा कैया घेऊन रात्रीतून पेटी उभी करत. हे नवे बोर्ड बिघडले की बहुधा अख्खे बदलावे लागतात, म्हणून नागपूरला कोण पाहतो हे आधी माहीत करून घे.

आम्ही दोघं नागपूरला गेलो. एक व्हॉल्व्हवाला आणि एक बिनव्हॉल्व्हचा असे दोन त्याने पाठ करून वाजवले. मी सांगत नव्हतो कोणता चालू आहे. त्याने बिनव्हॉल्व्हचा निवडला आणि मग वळून पाहिलं तेव्हा थोडा ओशाळला. मी म्हटलं, ओशाळायचं काही नाही. त्याने ते डोकं पाठीवरच्या पिशवीत टाकलं, एका हातात बारा इंची स्पीकरची पेटी घेतली आणि गणेशपेठच्या स्टँडवर एसटीत चढला.

अब्बांची राखाडी पेटी माळ्यावर आहे. ती खुर्चीही अजून घरात आहे. भाचा आता पंचविशीत आहे. त्याला तिची गरज लवकर पडू नये.