पन्हाळ्याच्या दोन पालख्या

पन्हाळ्याच्या पायथ्याला नेबापूर आहे. शिवा काशीद या गावचा. जुलै १६६० मधली ती रात्र महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते, पण सांगणाऱ्याचा आवाज चढतो तो पराक्रमापाशी. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा पहारा इतका कडक असून नेमका कुठे फसला, हा प्रश्न मागे राहतो.

शिवाजी महाराज गडावर होते आणि वेढा मार्चपासून पडला होता. जौहरबरोबर अफझलखानाचा मुलगा फाजलखान होता, आणि राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन मदतीला आला होता. (पुढच्या वर्षी मराठ्यांनी राजापूर लुटलं तेव्हा या उपद्व्यापाची किंमत इंग्रजांना मोजावी लागली.) पावसाळ्यात वेढे सैल पडतात हा तेव्हाचा सर्वांचा अनुभव, जौहरने मात्र भर पावसातही ठाणं हलवलं नाही. अखेर शरणागतीच्या बोलण्यांनी छावणी थोडी निर्धास्त झाली आणि १२ जुलैच्या रात्री गडावरून पालख्या निघाल्या. परंपरा सांगते त्या दोन होत्या. एकीत शिवाजी महाराज, दुसरीत महाराजांच्या पेहरावात नाभिक समाजातला शिवा काशीद. दुसरी पालखी पकडली गेली आणि छावणीत आनंदीआनंद झाला. ओळख पटायला फार वेळ लागला नाही. शिवाने जीव गमावला, सिद्दी मसूद घोडेस्वार घेऊन पाठलागावर सुटला, आणि मधले तास विशाळगडाच्या वाटेवरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांनी भरून काढले.

चौकीवरच्या शिपायांना महाराजांचा चेहरा कुठला माहीत असणार? त्यांना पालखी कळत होती, पेहराव कळत होता. अशा खुणांवर चालणारा पहारा खुणांनीच चकवता येतो. चेहरा ओळखणारा एक माणूस पुढे आला की तो डाव संपतो.

इंटरनेटवरच्या पाळतीचा इतिहास याच वळणाने गेला आहे. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने कुकी आणली ती वेबसाइटला ग्राहक लक्षात राहावा म्हणून. जाहिरात कंपन्यांनी तिचा बिल्ला केला: दहा वेगवेगळ्या साइटवर एकाच कंपनीची जाहिरात असली की दहाही ठिकाणी तोच बिल्ला दिसणार. त्यावर उतारा म्हणून ब्राउझरला जोडायचे अ‍ॅड-ऑन आले. २००६ च्या अ‍ॅडब्लॉक प्लसपासून २०१४ च्या यूब्लॉक ओरिजिनपर्यंत त्यांचं काम साधारण एकच. पाळत ठेवणाऱ्या सर्व्हरची यादी बाळगायची आणि तिकडे जाणारी मागणी ब्राउझरमधून बाहेर पडूच द्यायची नाही. हे काम ते खरोखर चोख करतात. ‘सगळं थोतांड आहे’ असं म्हणणाऱ्यांनी यूब्लॉक चालू करून एखादं बातम्यांचं संकेतस्थळ उघडावं आणि अडवलेल्या मागण्यांचा आकडा पाहावा.

पण तोवर पहारेकरी चेहरा ओळखायला शिकले. पडद्याचा आकार, फॉन्ट, टाइम झोन, ब्राउझरची आवृत्ती एकत्र केली की कुकीवाचूनही माणूस गर्दीतून वेगळा काढता येतो. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउझर तपासले, त्यांतल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा एकमेवाद्वितीय निघाला. यातली थट्टा अशी की दुर्मीळ अ‍ॅड-ऑनच कधी कधी त्या ठशात भर घालतो. म्हणूनच टॉर ब्राउझरचे कर्ते वापरकर्त्यांना वरून काही जोडू नका असं सांगतात. तिथे सगळ्यांनी सारखंच दिसायचं असतं.

शिवा काशीदची युक्तीही कुणीतरी करून पाहिलीच. २००६ मध्ये डॅनियल हॉव आणि हेलन निसेनबॉम यांनी ‘ट्रॅकमीनॉट’ काढलं. ते पाठीमागे खोटे शोध पाठवत राहतं, म्हणजे खरा शोध त्या गर्दीत हरवावा. २०१० मध्येच संशोधकांनी यंत्राला शिकवून खरे शोध बरेचसे वेगळे काढून दाखवले. पन्हाळ्याच्या तोतयाने काही तास मिळवून दिले आणि तेवढे पुरले, कारण विशाळगड गाठला की त्या रात्रीचं काम संपत होतं. इंटरनेटवर विशाळगड कुठला? पाठलाग रोजचा असतो.

पन्हाळ्याच्या इतिहासातली दुसरी रात्र मार्च १६७३ ची, आणि ती जास्त अस्वस्थ करणारी. मराठ्यांचा कोंडाजी फर्जंद ६० माणसं घेऊन कडा चढला, आत शिरून कर्णे वाजवले आणि गोंधळात गड घेतला. जयराम पिंड्ये यांचं ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य याच विजयावर आहे. तटबंदी तीच, दरवाजे तेच. शत्रू एकदा आत आला की त्यांचा उपयोग उरला नाही. अ‍ॅड-ऑन बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागतो आणि आपण हो म्हणतो, तेव्हा त्याला थेट गडावर घेतलेलं असतं. साइट विश्वासू आहे का ते सांगणारं ‘वेब ऑफ ट्रस्ट’ वापरकर्त्यांचा ब्राउझिंग इतिहास पुढे विकत असल्याचं २०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर वाहिनीच्या पत्रकारांनी उघड केलं. अवास्टने सुरक्षेच्या नावाखाली गोळा केलेली माहिती जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

आणि जमीन कुणाची, हा प्रश्न राहतोच. १८४४ मध्ये गडकऱ्यांचं बंड मोडल्यावर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकला. तीन दरवाजा उभा आहे, चार दरवाज्याचे अवशेष तेवढे उरले. क्रोमची जमीन गूगलची, आणि गूगल जाहिरातींवर जगतं. अ‍ॅड-ऑनचे जुने नियम बदलून त्याने मूळ यूब्लॉक ओरिजिन क्रोममधून बाद केलं. तिथे आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मूळचं अजून आहे.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा इतर ११ किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथे येणाऱ्या पर्यटकाच्या हातात फोन असतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये अ‍ॅड-ऑन बसतच नाहीत. फायरफॉक्समध्ये बसतात, पण तेही त्या ब्राउझरपुरतेच. नकाशाच्या, खरेदीच्या, रिक्षाच्या अ‍ॅपला लोकेशन दिलेलं असेल, तर तो गडावरच्या सज्जाकोठीपाशी किती वेळ उभा होता हे कळायला ब्राउझरची गरजच पडत नाही.